पिन अडकली! रेकॉर्डवाल्यांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या रेकॉर्डींवर दोन पानं छापली आणि खाली सहज एक ओळ टाकली होती की काही विचारायचं असेल तर विचारा. तर आता ही एवढी पत्रं, मेल, लेबलांचे फोटो, एकाने तर रेकॉर्ड वाजतानाचा व्हिडिओच पाठवला आणि खाली लिहिलं "हा आवाज नॉर्मल आहे का?" (नाही दादा, पिन बदला.) सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, जे प्रश्न बऱ्याच जणांचे सारखे होते ते घेतलेत, आणि एकदोन मला आवडले म्हणून घेतलेत.

प्रश्न : काका, सासरे गेल्यावर माळा आवरायला काढला तर एक पत्र्याची ट्रंक आणि दोन खोकी भरून रेकॉर्डी निघाल्या. काही जाड आणि जड आहेत, काही मोठ्या पण पातळ, आणि छोट्या तर कितीतरी. रद्दीवाला किलोवर मागतोय, मुलगा म्हणतो ऑनलाइन विकून टाकू. सासऱ्यांनी बऱ्याच कव्हरांवर तारीख आणि गाव लिहून ठेवलंय त्यामुळे टाकवतही नाही. काय ठेवू, काय देऊ? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी रद्दीवाल्याला चहा पाजून परत पाठवा. मुलालाही सांगा महिनाभर थांब, कारण ऑनलाइन विकणाऱ्यांचं काय होतं, जे पटकन खपतं ते आधी जातं आणि जे खरंच ठेवायला हवं होतं ते "उरलेलं खोकं" म्हणून कुणालातरी फुकट देऊन टाकलं जातं, हे मी खूप घरांत बघितलंय.

आता वेगळ्या कशा करायच्या ते सांगतो. जाड आणि जड त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. त्या लाखेच्या असतात, हो, बांगड्यांना लागते तीच लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी घालून दाबलेली, त्यामुळे हातातून सुटली की तुकडेच. दहा इंची असेल तर एका बाजूला साधारण तीन मिनिटं, सव्वातीन मिनिटं, बस. मोठ्या पातळ त्या एलपी, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, आणि छोट्या सात इंची त्या ईपी, बाजूला एक किंवा दोन गाणी. या दोन्ही विनाइलच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या, लवतात पण फुटत नाहीत. तिन्ही प्रकार वेगवेगळे ठेवा आणि उभे ठेवा, पुस्तकं लावतो तसे. एकावर एक थप्पी रचली की खालच्या ७८ ना तडा जातो आणि खालच्या एलपी वाकतात.

आता ठेवायचं काय. लोकांना वाटतं जुन्या हिंदी सिनेमाच्या एलपी म्हणजे खजिना. आहेत छान, कव्हर तर बघत राहावं अशी, पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं आज मोबाइलवर आहे, त्या पाच हजार गाण्यांच्या रेडिओवजा डब्यात आहे, सकाळी दूध आणायला गेलं तर दुकानात पण चालू असतं. तुमची प्रत गेली म्हणून ते गाणं जगातून जाणार नाहीये. त्या विकायच्या तर विका, मुलाला सांगा त्याचा वाटा घे आणि गप्प बस.

पण त्या छोट्या ईपी आहेत ना, त्या एकेक करून बघा. त्यात कोळीगीतं निघतील, भारुडं, पोवाडे, लग्नातली गाणी, बालगीतं, कीर्तनाचे तुकडे, एखाद्या पुढाऱ्याचं भाषण, कुठल्यातरी देवस्थानाची आरती जी आता त्या देवळात पण त्या चालीत म्हणत नसतील. कंपनीने त्या काळात छापल्या, यात्रा-जत्रांच्या हिशोबाने विकल्या, आणि पुढे कॅसेट आली तेव्हा त्यातली बरीच गाणी कॅसेटवर आलीच नाहीत, सीडीवर तर नाहीच नाही. म्हणजे ती गाणी आता फक्त त्या चकतीत आहेत. बाजारात भाव विचाराल तर किरकोळ, म्हणून तर कुणी सांभाळत नाही. मला विचाराल तर तुमच्या ट्रंकेतला खरा माल हाच, बाकी नंतर.

तसंच ७८ मधलं नाट्यसंगीत, जुने गायक-गायिका, तमाशातल्या लावण्या, कंपनीचं नाव ओळखीचं नसलं तर अजूनच जपा. फक्त एचएमव्हीचं कुत्र्याचं लेबल म्हणजेच रेकॉर्ड असं नव्हतं, ओडियन होती, कोलंबिया होती, मुंबईत तर यंग इंडिया नावाची आपली देशी कंपनी होती, १९३५ च्या सुमारास निघाली आणि पन्नाशीच्या दशकात बंद पडली. असं काही दिसलं तर लेबलाचा फोटो काढून ठेवा. आणि हे सगळं का करायचं असं मुलगा म्हणाला तर त्याला एवढंच सांगा की संगीत नाटकातले भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या गाण्यासाठी लोक गावंच्या गावं ओलांडून जायचे, ते १९०१ ला गेले आणि रेकॉर्ड करणारे साहेब इथे आले १९०२ ला. थोडक्यात हुकलं. भाऊरावांचा आवाज आता कुणीच ऐकू शकत नाही, अंदाज बांधत बसायचं फक्त.

गीतरामायणाच्या एलपी असतील तर संच पूर्ण आहे का मोजा. रेडिओवर १९५५ ला सुरू झालं तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक होते, एलपीवर मात्र सगळं बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी गायलंय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग भांडणं होतात की आमच्या आईने तर वेगळाच आवाज ऐकला होता. आई बरोबर असते.

आणि सासऱ्यांनी कव्हरवर जे लिहिलंय ते खोडू नका, स्टिकर लावू नका. विकत घेणारे नाक मुरडतात, म्हणतात कव्हरवर लिहिलंय म्हणून भाव कमी. मी तर अशीच उचलतो. कुठल्या साली कुठल्या गावात कुणी काय घेतलं हे कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळणार?

प्रश्न : आमच्याकडच्या रेकॉर्डींच्या लेबलवर खिळ्याने कोरल्यासारखं "… साऊंड सर्व्हिस" असं लिहिलंय आणि प्रचंड खरखर आहे. कुणी केला असेल हा प्रकार? – एक वाचक, बार्शी

उत्तर : माईकवाल्याने. लग्न, बारसं, सत्यनारायण, गणपती, सगळीकडे झाडाला कर्णा बांधून तीच रेकॉर्ड दिवसातून किती वेळा, आणि पिन बदलायला सवड कुणाला. दुसऱ्या माईकवाल्याने उचलून नेऊ नये म्हणून नाव कोरलेलं. खरखर काही जाणार नाही, पण तुमच्या तालुक्यात कुठली गाणी झिजेपर्यंत वाजली याचा तो पुरावाच समजा.

प्रश्न : दादा, ऑनलाइन एक सुटकेस टाइप प्लेयर घेतला, दिसायला एकदम भारी, पण एलपी मध्येच उडी मारते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. मित्र म्हणतो हा प्लेयर रेकॉर्ड खातो. आणि खरं सांगा, विनाइलचा आवाज खरंच चांगला असतो की नुसती हवा आहे? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन प्रश्न आहेत, दोन्हीवर लोक हमरीतुमरीवर येतात.

त्या स्वस्त सुटकेसमध्ये बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) असतं, ते रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचं वजन टाकतं. चांगल्या टर्नटेबलवर हे दीड-दोन ग्रॅम असतं. म्हणजे लगेच खाऊन टाकतं असं नाही, पण रोज तीच रेकॉर्ड लावाल तर झिजणार. उडी मारते ती बरेचदा हलक्या, वजन ॲडजस्ट न होणाऱ्या आर्ममुळे, म्हणजे सुईच्या दांडीमुळे. त्याच्यावर नाणं चिकटवू नका! आपल्याकडे घरोघरी चार आण्याचं नाणं आर्मवर ठेवायची पद्धत होती, उडी थांबायची आणि खोबणी खरवडून निघायची. आधी प्लेयर सपाट जागी ठेवा, रेकॉर्ड पुसा, पिन बदला. तरी नाही जमलं तर पैसे साठवा आणि ज्याला मागे वजन फिरवून सेट करता येतं असा टर्नटेबल घ्या, सेकंडहँड चालेल. तोवर त्याच्यावर नव्या किंवा दुसऱ्यांदा न मिळणाऱ्या रेकॉर्डी लावू नका, सिनेमाच्या लावा.

आता आवाज. नाही, बहुतेक वेळा चांगला नसतो. झालं, आता शिव्या येणार. एलपीची बाहेरची खोबणी सुईखालून जितक्या वेगात जाते त्याच्या निम्म्याहून कमी वेगात लेबलजवळची जाते, फेरे तेवढेच पण वर्तुळ लहान ना, त्यामुळे शेवटचं गाणं जरा फाटतंच, आणि त्यात आपल्याकडची ती सत्तर-ऐंशीच्या दशकातली पातळ प्रेसिंग, पावसाळ्यातली बुरशी, मामांनी बोटांनी धरलेली. नीट केलेली डिजिटल कॉपी ऐकायला जास्त स्वच्छ असते यात वादच नाही. मग मी का ऐकतो? कारण एक बाजू लावली की वीस मिनिटं मी दुसरं काही करत नाही. गाणं पुढे ढकलता येत नाही, येतं म्हणा पण त्यासाठी उठावं लागतं आणि उठायचा कंटाळा येतो, म्हणून जे गाणं आवडत नव्हतं ते पण ऐकलं जातं आणि दहाव्या वेळी तेच आवडायला लागतं. भीमसेनजींचे अभंग एका बाजूला ज्या क्रमाने आहेत तो क्रम माझ्या डोक्यात इतका बसलाय की एक अभंग संपला की पुढच्याचा स्वर आधीच कानात वाजतो, मोबाइलवर भलताच कुठलातरी लागला की दचकायला होतं. हे आवाजाचं कौतुक नाहीये, सवयीचं आहे. त्याला चांगला आवाज म्हणून विकतात ते दुकानदार.

प्रश्न : रेकॉर्ड स्पिरिटने पुसली तर चालते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ७८ असेल तर अजिबात नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिशवाल्याला विचारा. ७८ ला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच पुसून वाळवायची. विनाइलला तेच पाणी आणि त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. फडकं खोबणीच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं नाही. नळाचं पाणी नको, वाळलं की क्षार खोबणीत बसतात आणि मग टिकटिक. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी आतच वाढते. आणि पत्र्याखालचा माळा म्हणजे तर मे महिन्यात भट्टी.

प्रश्न : एका प्रदर्शनात पितळी भोंग्याचा अँटिक ग्रामोफोन घेतला, पुढे कुत्र्याची पाटी आहे. वडिलांच्या एलपी त्यावर लावतोय पण आवाज बारीक येतो आणि रेकॉर्डवर पांढरी रेघ उमटते. – एक वाचक, नागपूर

उत्तर : थांबवा!! आत्ता. पत्र वाचून होईपर्यंत पण नको.

चावीच्या ग्रामोफोनचं साऊंडबॉक्स, म्हणजे पिन बसते ते गोल डोकं, शंभर ग्रॅमहून जास्त वजन टाकतं आणि टोकाला पोलादी पिन असते. ती ७८ साठी बनवलेली आहे, जिची खोबणी रुंद आणि लाखेतल्या दगडाच्या पुडीमुळे कडक असते, उलट ती पूड पिनेलाच घासून खोबणीच्या आकाराची करते, म्हणून तर एका बाजूला एक नवी पिन असा नियम होता आणि पिनांच्या त्या छोट्या पत्र्याच्या डब्या घरोघरी असायच्या. विनाइलच्या बारीक खोबणीवर ती पिन म्हणजे नांगर. ती पांढरी रेघ म्हणजे वडिलांचं गाणं सोलून निघालंय. ज्या लावल्या त्या गेल्या, उरलेल्या वाचवा.

आणि आता वाईट बातमी नंबर दोन. चकाकता पितळी भोंगा, खाली नक्षीचा चौकोनी नाहीतर आठकोनी डबा, आणि पाटी एकदम नवी, असं असेल तर ते बहुतेक अँटिक नाही, जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनचे सुटे भाग आणि नवं लाकूड जोडून शोभेसाठी बनवतात, चोरबाजारात आणि प्रदर्शनांत ढिगाने असतात. बघायचं कसं? पूर्ण चावी द्या आणि ७८ ची एक बाजू लावा, शेवटपर्यंत न रेंगाळता वाजली पाहिजे. शेवटी गायक झोपेत गेल्यासारखा झाला तर मशीन दिवाणखान्यात ठेवा, फुलं घाला भोंग्यात. खरंच ७८ ऐकायच्या असतील तर एचएमव्हीची ती काळी पेटीसारखी १०२ शोधा, १९३१ पासूनचं मॉडेल, भोंगा आतच असतो, दिसायला काहीच नाही पण वाजते.

प्रश्न : आजीकडे एक जुनी रेकॉर्ड होती तिच्यात गाणं संपलं की बाई एकदम जोरात स्वतःचं नाव सांगायची. आम्ही मुलं त्यावर खूप हसायचो, नक्कल करायचो. असं का करत असतील? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : या पत्रासाठी सगळा कॉलम दिला असता.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानला रेकॉर्ड केलं. तिचं ते शेवटी "माय नेम इज गौहरजान" प्रसिद्धच आहे. तेव्हा इथे छापायची सोय नव्हती, मूळ तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि रेकॉर्डी तयार होऊन परत यायच्या. तिथल्या जर्मन माणसाला कोण गातंय हे काय कळणार, म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव सांगायचं, असं सांगतात. १९०८ ला कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, १९२८ ला तो डमडमला गेला, पण नाव सांगायची सवय काही वर्षं टिकलीच, आणि मला वाटतं गाणाऱ्यांनाही ती आवडत असणार. पेशाने गाणाऱ्या बाया, ज्यांचं नाव घरंदाज लोक चारचौघांत घेत नव्हते, त्या त्यांच्याच दिवाणखान्यात स्वतःचं नाव ठणकावून सांगतायत!

आणि जोरात का, तर १९२५ पर्यंत माइकच नव्हता. भिंतीतून आलेल्या भोंग्यात तोंड घालून गायचं, तानेला जरा मागे सरकायचं, साथीदारांनी जागा बदलू नये. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी त्याच पद्धतीच्या. तीन मिनिटांत पद, तान, वन्समोअरची सगळी हौस बसवायची. थिएटरात तेच पद किती वेळ रंगायचं हे म्हाताऱ्यांना विचारा, आता म्हातारे पण राहिले नाहीत ते सांगायला.

आजीची ती रेकॉर्ड कुठे आहे आता? ते लिहिलं नाहीत तुम्ही.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या जुन्या कोकणी रेकॉर्डी आहेत, काही ७८ पण आहेत. कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत आणि जमलं तर नेटवर टाकायच्या आहेत. कायद्याने चालतं का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : घ्या, घ्या, लवकर घ्या. तुमच्याकडे तर तियात्रातली (म्हणजे कोकणी नाटकातली) कांतारां, म्हणजे गाणी, ख्रिस पेरी-लोर्ना, आल्फ्रेड रोझ, केवढं काय काय रेकॉर्डवर आलं.

७८ साठी वेगळी सुई लागते, एलपीच्या सुईच्या जवळजवळ तिप्पट-चौपट जाडीची. एलपीची सुई लावली तर ती खोबणीच्या तळाला घसटत जाते आणि नुसता कचरा ऐकू येतो, मग लोक म्हणतात रेकॉर्ड खराब आहे. दुसरं, फार जुन्या रेकॉर्डी बरोब्बर ७८ ला केलेल्या नसतातच, कमी-जास्त असायच्या, त्यामुळे पट्टी चढलेली आणि आवाज चिरका वाटला तर वेग थोडा कमी करून बघा. घरात कुणी पेटी वाजवणारं असेल तर जवळ बसवा. फाइल डब्ल्यूएव्हीत ठेवा, एमपी-थ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. खरखर काढायचं सॉफ्टवेअर हलक्या हाताने, नाहीतर खरखरीबरोबर व्हायोलिनचा वरचा स्वर पण जातो. न साफ केलेली मूळ फाइल वेगळी ठेवायचीच. लेबलाचा फोटो आणि नंबर पण, एचएमव्हीच्या एलपींवर ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ, हे नंबर पुढे शोधायला फार उपयोगी पडतात.

कायद्याचं असं आहे की आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं. घरात ऐकायला घेताय तर कुणी दारात येत नाही, नेटवर टाकायचं तर कवी-संगीतकार कोण ते बघा. आणि मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, जुन्या रेकॉर्डींवर प्रेम करणाऱ्यांनीच काढलेली, त्यांच्यासारख्या लोकांना तुमची यादी दाखवा.

प्रश्न : मुंबईतलं रिदम हाऊसचं दुकान बंद झालं, आता रेकॉर्डी घ्यायच्या कुठे? आणि नव्याने छापलेल्या एलपी घ्याव्यात का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रिदम हाऊस २०१६ ला गेलं आणि त्या दिवशी फोटो काढायला जी गर्दी झाली तिच्यातल्या निम्म्यांनी आदल्या पाच वर्षांत तिथून काही घेतलं असतं तर… जाऊ दे. मुंबईत चोरबाजार, फोर्टातले फुटपाथ, पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा, रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि कव्हर एकाचं आत रेकॉर्ड दुसऱ्याची हे तर नेहमीचं. भाव अर्ध्यापासून सुरू करा.

नव्या घ्यायच्या तर घ्या, छपाई चांगली असते, मुंबईत परत रेकॉर्ड छापायला लागलेत ही तर आनंदाचीच गोष्ट. पण तेच दहा-वीस हिट सिनेमे परत परत छापतायत. कोळीगीतांची एक तरी ईपी कुणी नव्याने काढली तर पहिली प्रत माझी, पैसे आत्ताच पाठवतो.